तुबाचा खालचा दट्ट्या

रायापूर, धारवाड
१८ नोव्हेंबर २०२४

संघपाल अण्णा,

जयभीम. फोन केला की तू "हं, हं, बघू" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मागाच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणतोस. म्हणून कागद घेतला. इचलकरंजीतले सगळे माग एकदम चालू असले तरी हे वाचता येईल.

विषय तुबाचा आहे. तेवढं वाचून पत्र टाकून देऊ नकोस.

आपल्या तुबाला सरकारनं कुंपण घातलं. बांधावर निळी पाटी ठोकली, वर कन्नड, खाली इंग्रजी. खात्याच्या दीक्षा मॅडम म्हणून एक मुलगी आहे, बेळगावची, आपल्यातलीच, मराठी बोलते. तिनं मला पाटी वाचून सांगितली. तळ्याचं पाणी कालव्यात सोडायची शेकडो वर्षांची दगडी रचना, हिला कुणी धक्का लावला तर दंड आणि कैद. मी म्हटलं, अगं ह्या रचनेवर उभा राहून माझा बाप तंबाखू मळायचा. तिनं ते पण वहीत लिहून घेतलं. काहीही लिहून घेते.

आता मुद्द्याचं. तिनं फीत धरली. तुबाच्या खांबापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत बत्तीस मीटर. शंभर मीटरच्या आत वस्ती ठेवायची नाही असं ठरतंय. आणि घराखालची जागा आपली नाहीच म्हणे, तळ्याची आहे. आजाला ती तुबाच्या कामापोटी मिळाली होती. काम बंद पडून पंधरा-सोळा वर्षं झाली, मग जागा कशाची राहते? दुसरीकडे घर देणार आहेत, तिसऱ्या मजल्यावर. तुझ्या पाव्हण्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कंबर तुला माहीत नसेल. हुबळीत गोकुळ रोडला लेथवर तीस वर्षं उभं राहून ती गेली. सिटी बसची पायरी चढताना हा माणूस आईला हाक मारतो. त्याला तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार, मी खांद्यावरून?

एकच वाट आहे. तुबाला राखणदार नेमायचा आहे. ज्या घरानं तूब चालवला त्या घरातल्या माणसाला पहिला मान, आणि राखणदाराचं घर म्हणून आपलं घर आहे तिथं राहणार. पण त्या माणसाला तूब उघडता आला पाहिजे. दहा फेब्रुवारीला बंगळूरचे साहेब येणार, त्यांच्यासमोर उघडून दाखवायचा. पाणी खाली गेलंय, म्हणजे वरच्या भोकाचा उपयोग नाही. खालच्या भोकात बुचासारखा बसवलेला दट्ट्या काढावा लागणार.

तुला अप्पानं शिकवलंय. मला त्यातलं काही येत नाही, हे तुला ठाऊक आहे. दोन दिवसांचं काम आहे. ये.

तानूबाई


९ डिसेंबर २०२४

अण्णा,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं ते मला माहीत आहे, आरुषीनं फोनवर सांगितलं, "आत्या, बाबांनी वाचलं आणि खिशात ठेवलं." खिशात ठेवून काय होणार? तिथून तूब उघडत नाही.

काल देवळासमोर बैठक झाली. मल्लाप्पाचा मुलगा संजीव आला होता. तू गेलास तेव्हा तो चड्डीत होता, आता प्लॉट पाडून विकतो. बांधाखालची बापाची निम्मी जमीन विकून झाली. आता त्याला तुबाजवळ पाहिजे गेट, तिकीट आणि चहाची टपरी. राखणदार म्हणून आपला माणूस बसवायचा आहे. उभा राहिला आणि दीक्षा मॅडमला म्हणाला, "ह्यांच्या घराला राखण देताय? अहो, ज्यांनी तळं रिकामं केलं त्यांना? उद्या दगड विकून खातील."

तुझे पाव्हणे खुर्चीतून न उठता म्हणाले, "दगड विकायला आम्ही काय प्लॉटवाले आहोत काय?" सगळे हसले. मल्लाप्पा पण हसला. म्हातारा पंच्याऐंशीचा झाला, दात एक नाही, हसला की नुसतं भोक दिसतं.

पण दीक्षा मॅडम हसली नाही. तिनं वही उघडली. "तळं रिकामं केलं म्हणजे काय झालं?"

मग संजीवनं सांगितलं. गावात कुणाला पण विचार, सगळ्यांना तोंडपाठ आहे. ब्याण्णवचा उन्हाळा. गावपाटील गौडांच्या घरचं लग्न, सगळं गाव अमरगोळला गेलेलं. परत येऊन बघतात तर खालचा दट्ट्या निघालेला आणि पाणी धो धो कालव्यात. परत बसवायला आलं नाही. दोन दिवस, दोन रात्री पाणी चाललं. खालची वांगी सडली, वरची करपली. मासे चिखलात उड्या मारून मेले. जनावरांना पाणी नाही म्हणून मल्लाप्पानं गोठा विकला, सगळाच्या सगळा, बैलांच्या दोन्ही जोड्यांसकट. "आणि तूब उघडायला येत होता दोघांनाच," संजीव अप्पाचं नाव घेऊन म्हणाला, "बाबाजीला आणि त्याच्या पोराला. बाबाजी लग्नात सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता. मग राहिला कोण?"

तेव्हा अप्पानं बांधावर सगळ्यांसमोर तुझ्या मुस्काटात मारली होती ते पण त्यानं सांगितलं. मल्लाप्पा तुझ्या अंगावर थुंकला, ते सांगितलं नाही. मल्लाप्पा खाली बघत होता.

बैठकीला मी गेले आणि काही बोलले नाही, असं झालंय कधी? घरी येताना पाव्हणे म्हणाले, "आज तुला ताप-बिप आहे काय?"

गाव तुझ्या नावानं बोलतं तर तू येऊन बोल. मी किती दिवस ऐकून घेऊ? अप्पाच्या मातीला आलास, उभ्या उभ्या आलास आणि चहा न पिता गेलास. त्याला पण पंधरा वर्षं झाली. काय असेल ते येऊन बोल, काम कर, आणि जा मग. मी धरून ठेवत नाही.

तानूबाई


५ जानेवारी २०२५

अण्णा,

आज जास्त लिहीत नाही. दिवसभर अमरगोळच्या मार्केट यार्डात कांदा निवडून बोटं वाकडी झाली आहेत.

दीक्षा मॅडम आली होती. नवा दट्ट्या करून बसवून घेतलाय, सागवानी, जुन्यावरून माप घेऊन. दांडा पण नवा. कालवा साफ केला. सगळं तयार आहे, माणूस नाही. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही ह्याच घरात वाढलात. कधी बघितलं नाही का?"

मी म्हटलं, बायकांना तिथं जायला मिळायचं नाही.

हे खोटं नाही. बाईनं तुबाच्या दगडावर पाय दिला तर तळं आटतं, हे आईनं मला सांगितलं, आईला तिच्या सासूनं. गौडांच्या बायका पण लांबूनच हळदकुंकू टाकायच्या. परवा दीक्षा मॅडमनं माप घ्यायला तुबाच्या आडव्या दगडावर बूट ठेवला तर पलीकडच्या आळीची कृष्णाबाई ओरडली, "एय, इळी, इळी!" उतर खाली म्हणून. पोरगी घाबरून पाण्यात पडता पडता राहिली. मग म्हातारीलाच हसू आलं, म्हणाली, "आटायला आता तळ्यात हाय काय? निम्म्यात तर प्लॉट पडलेत."

मॅडम मला परत म्हणाली, "लांबून तरी बघितलं असेल?"

मी म्हटलं, नाही. आणि आत जाऊन चुलीपाशी बसले. गॅस आहे घरात, चूल पेटत पण नाही आता. तिथंच बसले.

पाव्हण्यांनी काल विचारलं, तूच का शिकून घेत नाहीस. मी त्यांना नको ते बोलले. कंबर धरून बसलेल्या माणसाला बोलले.

संजीवनं अर्ज दिला आहे. त्यानं हुबळीहून एक पंपवाला आणला, तो म्हणतो दट्ट्या काय, मोटर लावून काढू. मॅडम म्हणाली मोटर चालणार नाही, जुन्या रीतीनं. पण दहा फेब्रुवारीला कुणीच उभं राहिलं नाही तर साहेब संजीवच्याच माणसाला नेमणार. आणि घराला नोटीस.

तू येतोस की नाही एवढं एका शब्दात कळव.

तानूबाई


२१ जानेवारी २०२५

अण्णा,

काल आरुषीचा मेसेज आला. मी यार्डात होते, कांद्याच्या ढिगासमोर बसलेली.

"आत्या, बाबा म्हणाले, मी येणार नाही. तानीला येतं. तिलाच दाखवू दे."

तीनदा वाचला. हातातला कांदा चांगला की सडका ते कळेना. शेजारची म्हणाली, अक्का, कोण गेलं का? मी म्हटलं, नाही, तेहतीस वर्षांनी एकजण बोलला.

म्हणजे तुला माहीत होतं.

कधीपासून? त्या दिवशीच? तू लग्नातून लवकर परत आलास, मला बांधावरून पळताना बघितलंस? का माझी ओली वेणी बघितलीस? आई म्हणाली होती, तानी, केस ओले कसे? मी म्हटलं, न्हाले. ज्या घरात प्यायला घागरभर पाणी नव्हतं त्या घरात मी न्हाले म्हणून सांगितलं, आणि कुणी विचारलं नाही कुठल्या पाण्यानं.

बरं. तुला माहीत आहे तर मग लिहूनच टाकते. एकदाच लिहिणार आहे.

हातपंप मोडलेला होता, आठवतंय ना. आपली विहीर बांधाखाली, कालव्यात पाणी असलं तरच तिला झरा. तळ्यात पाणी होतं, पण वरच्या आळीच्या घागरी भरायला आणि जनावरांना. तूब उघडायला आपण, आणि त्या पाण्यात घागर बुडवायची नाही आपण. आई गुडघा सुजलेला घेऊन पलीकडच्या गावापर्यंत जायची. त्या दिवशी सगळे लग्नाला गेले. आपले पण गेले, पंगतीच्या कडेला बसून खायला. मी पोट दुखतं म्हणून राहिले. मला तासभर पाणी पाहिजे होतं. वीतभर पाणी, तासभर, विहीर निम्मी भरेपर्यंत. मग बंद करणार होते आणि कुणाला कळणार नव्हतं.

मी अप्पाला भाकरी घेऊन जायची ना, तेव्हा बांधावर बसून बघायची. सगळं बघितलं होतं. दोन खांब, मधले आडवे दगड, त्यातून जाणारा दांडा, दांड्याच्या बुडाला दट्ट्या. अप्पा बुडी मारायचा, भोवतीचा चिखल आणि काड काढायचा, वर यायचा, दम घ्यायचा, परत बुडी. मग दांडा हलवून हलवून उचलायचा. मी तसंच केलं. लुगडं खोचलं आणि उतरले. दगडावर पाय दिला. दट्ट्या निघाला.

निघाला तो निघालाच. सरळ वर न येता तिरका होऊन माझ्या हातातून गेला. मी खाली भोकाशी पाय नेला तर पाणी असं ओढायला लागलं की वाटलं मी पण आत जाते. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला नाही. पळाले.

माझं काय चुकलं ते मला चौथ्या दिवशी कळलं. तळं कोरडं पडलं, सगळे मासे गोळा करायला चिखलात उतरले, मी तुबापाशी गेले. खालच्या भोकाच्या अंगाला दगडातच कोरलेली कडी आहे. दोरानं घासून घासून गुळगुळीत झालेली. अप्पा बुडी मारून आधी दट्ट्याला दोर बांधायचा, तो त्या कडीतून घ्यायचा, मग दांडा उचलायचा. म्हणजे दट्ट्या भोकावरच टांगून राहतो, वीतभर उघडतो आणि सोडला की आपणच बसतो. ते सगळं पाण्याखाली. बांधावरून कसं दिसणार? तुला आत नेऊन दाखवलं असेल. मला कोण नेणार?

त्याच दिवशी तू गेलास. मी चिखलात कडीला हात लावून उभी होते आणि तू पिशवी घेऊन बांधावरून जात होतास. हाक मारता आली असती. तू दोन वर्षांत परत येशील असं वाटलं होतं. मग अप्पाच्या मातीला सांगीन असं वाटलं. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग.

आता तू सांग. तू का बोलला नाहीस? अप्पानं मारलं तेव्हा नुसतं म्हणायचं होतं, मी नाही. माझं नाव न घेता. माझ्यासाठी गप्प राहिलास का? मी तुला सांगितलं होतं का तसं? तुझ्या गप्प बसण्याचं ओझं मी तेहतीस वर्षं वाहिलं, आणि मला माहीत पण नव्हतं की तू ते जाणूनबुजून ठेवलंयस. मला वाटायचं तुला कळलंच नाही. त्या समजुतीवर मी झोपायची तरी.

आणि आता म्हणतोस, तिलाच दाखवू दे.

दाखवलं की काय होतं ते तुला चांगलं कळतं. तूब उघडायला दोघांनाच येत होता, हे सगळ्या गावाला पाठ आहे. मी पाण्यात उतरले की गावाला तिसरं माणूस दिसलं. नाही उतरले तर घर गेलं. म्हणून तुला बोलावत होते, दुसरं कशाला बोलावणार? तुझा चेहरा बघायला? होय, ते पण. पण आधी ते.

मला राग आलाय आणि मी दमले आहे. दोन्ही एकदम असलं की माणसानं लिहू नये.

तानूबाई


१२ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

सोमवारी झालं सगळं. सांगते.

बंगळूरचे साहेब दहाला येणार होते, साडेबाराला आले. बांधावर मंडप घातला होता. शाळेची मुलं आणून बसवलेली, ती उन्हात पेंगायला लागली. अग्निशामकवाले दोघे नारिंगी जाकीट घालून उभे. संजीव पांढऱ्या कपड्यात, त्याचा पंपवाला मागे.

दीक्षा मॅडमनं माइकवरून विचारलं, "तूब चालवणाऱ्या घराकडून कोण आहे?"

सगळे इकडे-तिकडे बघायला लागले. मग मी उठले. चपला काढल्या. पाव्हण्यांना रात्रीच सगळं सांगितलं होतं. सकाळी त्यांनी सुताचा जाड दोर आणून माझ्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. मी म्हटलं, तुमची कंबर मोडलीय, तुम्ही मला काय ओढणार? म्हणाले, "ओढणार नाही. तू गेलीस तर मी पण येतो, एवढंच."

अग्निशामकवाला जाकीट घेऊन आला. "अक्का, हे घालायचं." मी म्हटलं, हे घातलं की मी बदकासारखी वर तरंगणार. दट्ट्या खाली आहे. साहेब हसले. म्हणाले, राहू द्या.

आडव्या दगडावर पाय दिला तेव्हा बायकांतून कुणीतरी 'अय्यो' केलं. पाणी गार होतं, फेब्रुवारी असून. बावन्नव्या वर्षी बुडी मारणं सोपं नाही, अण्णा. पहिल्या बुडीत नुसतं नाकात पाणी गेलं. दुसऱ्या बुडीत हाताला कडी लागली. तशीच गुळगुळीत. दोर कडीतून घेतला, दट्ट्याला बांधला. तीन बुड्या लागल्या, अप्पाला एक लागायची. मग वर येऊन दांडा धरला आणि हलवत हलवत उचलला. वीतभर. एवढाच. आणि थांबले.

पलीकडे कालव्यात आधी नुसता आवाज आला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. मग पाणी आलं. मुलं उठून ओरडत पळाली. बायकांनी शिट्ट्या मारल्या, खरंच मारल्या. साहेब मोबाइल धरून होते. मी दोर ढिला केला, दट्ट्या खाली गेला आणि बसला. पाणी बंद. परत उचलला, परत सोडला. तीनदा केलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती. पण केलं.

वर आले तर मल्लाप्पा खुर्चीतून उठून उभा राहिलेला. काठी टेकून पुढं आला. सगळे टाळ्या वाजवत होते, त्याच्यामुळं थांबले.

"हुडगी," तो म्हणाला. अजून मला पोरगीच म्हणतो. "तुला हे कुणी शिकवलं?"

"बघून शिकले."

"कधी?"

त्याचे डोळे पाणावलेले असतात नेहमीच, वयानं. पण डोकं चांगलं चालतं त्याचं. त्याला उत्तर माहीत झालं होतं. मला बोलायला लावत होता.

मी म्हटलं, "ब्याण्णवच्या आधी. तेव्हा दट्ट्या मी काढला. अण्णानं नाही. दोर बांधायचा असतो ते मला ठाऊक नव्हतं. विहिरीला पाणी पाहिजे होतं."

कन्नडात बोलले, सगळ्यांना कळायला. आणि माइक चालूच होता, ते मला मागून कळलं.

संजीव लगेच पुढं आला. "साहेब, ऐकलंत? कबूल केलंय. हिनं तळं फोडलं. हिला राखण देणार? लिहून घ्या माझी हरकत."

साहेब दीक्षा मॅडमकडे बघायला लागले. ती वही धरून उभी, पण लिहीत नव्हती.

मल्लाप्पा पोराकडे वळला. "तू उघडतोस?"

"अप्पा, प्रश्न तो नाही."

"तोच आहे. तूब उघडून बंद कोण करतं? तू? तुझा तो पंपवाला? जा की मग, उतर. कपडे पांढरे आहेत, काढून उतर." मग म्हातारा साहेबांना म्हणाला, "ह्या गावात उघडायला येणारे पुष्कळ झाले. बंद करायला हिला एकटीलाच येतं. तिला ठेवा."

मला वाटलं संपलं. पण तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी तुला माफ केलं असं समजू नको. माझे बैल खाटकाला गेले. त्यांची नावं मला अजून येतात." मी म्हटलं, तसं समजत नाही. तो म्हणाला, "आणि त्या पोरावर मी थुंकलो." एवढंच, आणि काठी टेकत गेला. मी काय उत्तर देणार, ती थुंकी माझ्याच वाट्याची होती.

काल दीक्षा मॅडम कागद घेऊन आली. तूर्त वर्षभरासाठी राखणदार, माझ्या नावानं. घर राहिलं. भिंतीला चुना लावायचा तरी खात्याला विचारून, अशी अट आहे. पाव्हणे म्हणाले, ह्या वयात सासुरवास. गावात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोलत नाही. कृष्णाबाईनं दार लावून घेतलं, तिच्या नवऱ्याची वांगी होती तेव्हा. लावू दे. यार्डात पण पोचलं. पुढच्या महिन्यात कमी होईल, किंवा नाही होणार. मी त्याचा विचार करून थकले.

मागच्या पत्रात तुला खूप बोलले. ते खोटं नव्हतं, पण उलटं होतं. तू का गप्प बसलास हे विचारायचा हक्क मला नाही. गप्प बसलेली मी. तू मुस्काटात खाल्लीस, गाव सोडलंस, आईला शेवटचं बघितलं नाहीस, पोरांना आजा-आजीचं घर दाखवलं नाहीस, आणि मी इथं बांधावर बसून तुझ्या बायकोला सांगत राहिले की तो हट्टी आहे.

तीन महिने तुला ये ये म्हणून लिहिलं. आता लिहीत नाही. रविवारी सोळा तारखेला सकाळच्या गाडीनं मीच निघते, बेळगावला बदलून दुपारपर्यंत इचलकरंजीत येईन. एकटीच. पाव्हण्यांना गाडी झेपत नाही. पत्र आधी पोचलं तर बरं, नाहीतर पत्र आणि मी एकदमच दारात येऊ.

दार उघडायचं की नाही ते तू बघ. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन, संध्याकाळची गाडी आहे परतीला. उघडलंस तर तुला जे बोलायचं असेल ते बोल. तेहतीस वर्षांचं बोल, शिव्या दे, वेळ लागला तर लागू दे.

मी मध्ये बोलणार नाही.

तानी